एकच उपास, वेगवेगळी शरीरं

दुधनीत उपासाला निमित्तं कमी नाहीत. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र, नवरात्र आहेतच. अक्कलकोट तालुक्यातलंच गाव असल्याने स्वामी समर्थांचा गुरुवार पाळणारी घरं आहेत. जैन कुटुंबांत पर्युषण असतं, मुस्लिम घरांत रमजानचे रोजे असतात. सोलापूर–वाडी लोहमार्गावरच्या, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या या गावात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतून उपासाचे नियम सांगितले जातात. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका उपासाची भर पडली आहे. तो देवासाठी नसतो, वजन आणि साखर उतरावी म्हणून केला जातो. कुणी सोळा तास पोट रिकामं ठेवून उरलेल्या आठ तासांत जेवतं, कुणी दिवसातून दोनदाच जेवतं.

महाराष्ट्रात हा विचार घराघरांत नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगावी व्याख्यानांतून मांडली. तिचं मूळ नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीत असल्याचं ते आवर्जून सांगतात. २०१८च्या सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा ‘थोडं थोडं, दर दोन तासांनी’ हा सल्ला आणि दीक्षितांचा ‘दोनदाच’ हा सल्ला यांवर मराठी घरांत जेवणाच्या ताटावर वाद रंगले. दोन्ही बाजूंकडे वजन उतरलेली माणसं होती आणि दोन्ही बाजूंकडे काहीच फरक न पडलेलीही होती.

ते का, हे समजून घ्यायला एकाच घरातल्या दोन जावांचं उदाहरण घ्यावं. दोघी एकाच चुलीवरची भाकरी खातात, एकाच दिवशी उपास सुरू करतात. तीन महिन्यांनी थोरलीची साडी सैल होते. धाकटीला मात्र दुपारी डोकं धरतं, चिडचिड होते आणि वजनाचा काटा हलत नाही. घरातले लगेच म्हणतात, ‘ही चोरून खात असणार.’ हा आरोप अन्यायाचा आहे. जावांची चूल एक असली तरी रक्त एक नसतं.

रक्त एक असेल तर काय होतं, हेही तपासून झालं आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांतल्या ८४ दिवशी रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. १९९० साली निष्कर्ष छापून आले. कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, तर कुणाचं १३.३ किलोंनी. खाणं तेवढंच असूनही वाढ तिप्पट! पण जोडीतल्या दोन भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळणारी होती. पुढे प्रागमध्ये व्होय्तेख हाइनर यांनी उलट प्रयोग केला. स्थूल जुळ्या बहिणींच्या १४ जोड्यांना अगदी कमी कॅलरींवर ठेवलं. वजन उतरण्यातही बहिणी-बहिणींचं साम्य ठळक दिसलं. कमी खाल्ल्यावर शरीर किती सोडेल आणि किती धरून ठेवेल, यात वारशाचा वाटा आहे, एवढं यातून पक्कं होतं.

उपासात शरीरात घडतं ते असं. घरात रोजच्या वापराचा पिठाचा डबा असतो आणि माजघरात कणगी. यकृतात साठवलेली साखर म्हणजे तो डबा. त्यात साधारण शंभर ग्रॅम माल असतो आणि शेवटच्या जेवणानंतर बारा तासांपासून पुढे तो तळाला जाऊ लागतो. मग शरीर कणगीकडे, म्हणजे चरबीकडे वळतं. चरबीपासून यकृत किटोन तयार करतं आणि मेंदूही ते वापरतो. कणगीचं दार उघडायचं तर रक्तातलं इन्सुलिन उतरावं लागतं. कुणाचं इन्सुलिन लवकर उतरतं, कुणाचं रात्रभर चढलेलंच राहतं. कुणाच्या यकृताला चरबीचं इंधन करायची सवय असते, कुणाच्या नसते. धाकट्या जावेची दुपारची डोकेदुखी बहुधा या दारापाशीच अडलेली असते.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत, हा फरक होताच. शिवाय याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, हेही तिथे नोंदवलेलं आहे. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं वजनाने कमी, स्नायूंनी कमी, पण कातडीखालची चरबी मात्र राखून असलेली. वरून बारीक, आतून चरबीदार असा हा बांधा जन्मतःच दिसतो.

म्हणून दुधनीतल्या किंवा कुठल्याही मराठी माणसाने उपासाचं यश केवळ वजनकाट्यावर मोजू नये. आपल्याकडे मुळात स्नायू कमी. उपासात चरबीबरोबर स्नायूही गेले तर काटा खूश करतो, पण साखर जिरवणारं यंत्रच लहान होतं. पोटाचा घेर मोजावा. बेंबीच्या पातळीवर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे.

सोलापूर हा दुष्काळाचा जिल्हा. १८७६–७८चा, १८९६–९७चा आणि १९७२चा दुष्काळ इथल्या घराण्यांनी सोसला आहे. जेम्स नील या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अशी कल्पना मांडली की उपासमारीत टिकणारी ‘काटकसरी’ जनुकं सुकाळात मधुमेह आणतात. तिच्यावर आजही वाद आहे, कारण अशी ठरावीक काटकसरी जनुकं कुणाला नेमकी दाखवता आलेली नाहीत. मात्र आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांचा २०१५ सालचा अभ्यास डोळ्यांत अंजन घालतो. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या रक्तात इन्सुलिन चढलेलं होतं, बी-१२ घटलेलं होतं, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घातल्यावरही ते पूर्ववत झालं नाही. यात जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा उमटतात आणि कुठलं जनुक किती बोलेल हे त्या ठरवतात. उंदरांवरून माणसांचा निकाल लावता येत नाही. तरी आजी-पणजीने दुष्काळ काढलेल्या घरातल्या माणसाने ‘मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह’ म्हणून निर्धास्त राहू नये.

आता जनुकांची नावं घेऊनच बोलू. एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध २००७ मध्ये उघड झाला. त्याच्या जोखमीच्या दोन्ही प्रती बाळगणाऱ्यांचं वजन एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त आढळलं. जेवल्यावर भुकेचं संप्रेरक, म्हणजे घ्रेलिन, जितकं खाली यायला हवं तितकं अशांच्या शरीरात येत नाही. अशा माणसाला उपास सोडताना ‘पुरे’ हा निरोप उशिरा मिळतो. तो खादाड नसतो. पुण्यातल्या आणखी एका अभ्यासात तर वजनाचा हिशेब वजा करूनही या जनुकाचा मधुमेहाशी संबंध टिकून राहिला. टीसीएफ७एल२ या दुसऱ्या जनुकाचा भारतीयांमधल्या मधुमेहाशी घट्ट संबंध हैदराबादच्या सीसीएमबीतले डॉ. गिरीराज चांडक आणि पुण्याची याज्ञिकांची मंडळी यांनी दाखवला. त्याच्या जोखमीच्या प्रतीने जेवणानंतरचं इन्सुलिन कमी पडतं.

पण उपासाच्या दृष्टीने सर्वांत कामाचं जनुक वेगळंच आहे. त्याचं नाव एमटीएनआर१बी. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन पाझरू लागतं आणि झोपेची तयारी होते. स्वादुपिंडावर या मेलाटोनिनचा निरोप घेणारी कडी असते. तिची एक विशिष्ट आवृत्ती असणाऱ्यांत मेलाटोनिन चढलेलं असताना इन्सुलिन अडखळतं. स्पेनमध्ये मार्ता गाराउलेत आणि सहकाऱ्यांनी ८४५ प्रौढांची साखर दोनदा तपासली. एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा फक्त एक तास आधी ग्लुकोज पाजून. २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की उशिरा घेतलेल्या ग्लुकोजने सगळ्यांचीच साखर जास्त चढली आणि त्या आवृत्तीच्या दोन प्रती असणाऱ्यांची सर्वाधिक बिघडली.

सोलापूर जिल्ह्यातल्या जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवून घेण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्यांचं कारण अहिंसेचं आहे, पण शरीराला मिळणारा लाभ खरा आहे. सोळा तासांचा उपास करणारे बहुतेक जण मात्र सकाळची न्याहारी सोडतात आणि रात्री दहाला भरपेट जेवतात. तुरीच्या हंगामात बाजार समितीचं काम संपवून घरी यायचं, मग ताट वाढायचं, की लगेच अंथरूण. ज्याची ही कडी नाजूक, त्याचा उपास अशाने वाया जातो. उपासाचे तास मोजण्याआधी शेवटचा घास किती वाजता घेतला, ते बघावं. सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला हाच, कारण तो कुठलंही जनुक असलेल्या माणसाला लागू पडतो.

मग थुंकी पाठवून जनुकचाचणी करावी का? बाजारात हजारो रुपयांच्या अशा चाचण्या आहेत आणि ‘तुमच्या डीएनएनुसार आहार’ असं सांगतात. आजच्या घडीला त्या घेऊ नयेत. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. काहींना कमी चरबीचा, काहींना कमी पिष्टाचा आहार दिला आणि जनुकांवरून कुणाला कुठला मानवेल हे आधी ताडून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला: जनुकांवरून वजनाचा अंदाज लागला नाही. एफटीओबद्दल तर २०१६ मध्ये आठ चाचण्यांतल्या ९,५६३ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. जोखमीची प्रत असलेल्यांचंही वजन इतरांइतकंच उतरलं. भूक जास्त लागते, पण पथ्य पाळलं तर फळ तेवढंच मिळतं. एकेका जनुकाचा परिणाम छोटा असतो, शेकडो जनुकं एकत्र काम करतात आणि त्यांच्या बेरजेची बहुतेक कोष्टकं युरोपीय लोकांवरून बनली आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. त्यातून आपल्यासाठीची कोष्टकं तयार होतील, तेव्हा या सल्ल्याचा फेरविचार करता येईल.

आणखी एक समज सोडून द्यायला हवा. ‘उपासाला नोबेल मिळालं’ असे संदेश दर श्रावणात मोबाइलवर फिरतात. २०१६चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना पेशी स्वतःतला कचरा कसा मोडून वापरतात, या यंत्रणेसाठी मिळालं, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. चीनमधल्या ग्वांग्झूत १३९ स्थूल लोकांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ल्या. त्यांचं वजन आठ किलोंनी आणि इतरांचं ६.३ किलोंनी उतरलं. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. उपास हे कमी खाण्याचं सोपं साधन आहे. ज्याला जमतं त्याने करावं, ज्याला जमत नाही त्याने दोन घास कमी खाऊन तेच मिळवावं.

जिथे जनुकं खरोखर गंभीर होतात, ती जागा मात्र ओळखायला हवी. दोन दिवस नीट जेवण नसलं की काहींचे डोळे पिवळट दिसतात, बाकी काहीच त्रास नसतो. यातल्या पुष्कळांना गिल्बर्ट सिंड्रोम असतो. यकृतातल्या एका विकराचं जनुक थोडं मंद असतं आणि उपाशीपोटी बिलिरुबिन चढतं. तो निरुपद्रवी आहे. एकदा रक्त तपासून खात्री करून घ्यावी, म्हणजे दर नवरात्रात कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागावं लागत नाही. तीव्र पोर्फिरिया या आजाराचं तसं नाही. त्यात उपासामुळे पोटदुखीचे भयंकर झटके येतात. काही मुलांत चरबी जाळणारा विकर जन्मतःच नसतो. ताप-उलटीत काही तास पोटात अन्न गेलं नाही तरी त्यांची साखर जीवघेणी घसरते. हे आजार विरळ आहेत. पण सीमाभागात मामाच्या मुलीशी, कुठे सख्ख्या भाचीशीही लग्नाची रीत आहे, आणि अशा नात्यात आई-बाप दोघांकडून तीच सदोष प्रत मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. ज्या घरात एखादं तान्हं बाळ किरकोळ आजारात अचानक दगावलं आहे, तिथल्या लहानग्यांना कौतुकाने रोजा किंवा निर्जळ उपास करायला लावू नये आणि ती हकिगत डॉक्टरांना सांगावी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांचंही असंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन बाहेर काढते. तिचा निचरा करणारं सीवायपी२सी९ हे जनुक काहींत मंद असतं. त्यांच्या अंगात गोळी जास्त वेळ रेंगाळते आणि उपासाच्या दिवशी साखर धोक्याच्या खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांना दीर्घ उपासात रक्त आम्लधर्मी होण्याचा वेगळाच धोका असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीच्या वयातली मुलं, इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि सिकलसेलचे रुग्ण यांनी वजनासाठीचा उपास करूच नये. हरतालिकेचा निर्जळ उपास गरोदरपणात सोडल्याने व्रत मोडत नाही, हे सासूनेच सुनेला सांगावं.

ज्यांना यातलं काही नाही, त्यांनी सुरुवात बारा तासांनी करावी. संध्याकाळी सात ते सकाळी सात, मधे फक्त पाणी. तीन-चार आठवडे निभावलं तर तेरा-चौदा तासांवर जावं. सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी करावी. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी आहे. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीतही आधी आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात. ही त्यांची शिस्त उचलण्याजोगी आहे. बी-१२ही एकदा बघून घ्यावं. याज्ञिकांच्या पुण्याच्या अभ्यासातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींत ते कमी होतं. शाकाहार, मेटफॉर्मिनची गोळी आणि काही जनुकं अशा सगळ्यांनीच ते घटतं, आणि त्याच्या कमतरतेतला थकवा लोक उपासाच्या माथी मारतात.

घरी ग्लुकोमीटर असेल आणि मधुमेहाची गोळी चालू नसेल, तर उशिराचं जेवण आपल्याला किती बाधतं, याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. एकच जेवण ठरवावं: दोन भाकरी, तुरीचं वरण, पुंडीची भाजी. ते तीन संध्याकाळी सात वाजता आणि दुसऱ्या तीन रात्री दहा वाजता जेवून, दोन तासांनी साखर बघून लिहून ठेवावी. दहाचे आकडे दर वेळी बरेच वर असतील तर लवकर जेवणं ही आपल्यासाठी गरज आहे. पोटाचा घेर, झोप आणि दुपारचा थकवा याच वहीत नोंदवावा. वहीच्या पहिल्या पानावर आई-वडील, मामा, आत्या, आजोबा यांच्यातल्या कुणाला कितव्या वर्षी मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार झाला, ते लिहावं. घराण्याचं हे पान महागड्या जनुकचाचणीपेक्षा डॉक्टरांना जास्त सांगतं.

आणि खायचं काय? साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. तूप-बटाट्याच्या खिचडीने साखर झटकन चढते, दोन-तीन तासांत उतरते आणि भूक पुन्हा येते. त्याऐवजी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी, राजगिरा चालेल. एरवीच्या दिवसांसाठी सोलापूरच्या स्वयंपाकघरात सगळं आहे: कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, झुणका, वरण, ताक. स्नायू टिकवायचे तर दोन्ही जेवणांत डाळ किंवा दही हवंच. मांसाहारी घरांत अंडी, मासे घ्यावेत. जेवण आटोपल्यावर चालावं, आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा-जोर काढावेत. हमाली करणाऱ्याने किंवा रानात काम करणाऱ्याने चाळीस अंशांच्या उन्हात पाणी सोडून उपास करू नये.

उपास चालू असताना हात थरथरले, घाम फुटला, छाती धडधडली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर तपासावी. ७०च्या खाली असेल तर त्याच क्षणी उपास किंवा रोजा सोडावा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. यंत्र नसेल तर आधी साखर घ्यावी. ३००च्या वर गेली तरीही सोडावा आणि दवाखाना गाठावा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी श्रावण किंवा रमजान सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधीच आपल्या गोळ्यांची पाकिटं आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे, अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जावं. उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची आणि कुठली थांबवायची, ते कागदावर लिहून आणावं आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही वाचून दाखवावा.